कडी कुठे आहे?

मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात ५ सप्टेंबर २०२५ रोजी टेस्लाने भारतातली आपली पहिली गाडी ग्राहकाच्या हाती दिली. ग्राहक होते राज्याचे परिवहनमंत्री प्रताप सरनाईक. गाडी नातवासाठी घेतली, असं त्यांनी सांगितलं. फोटो निघाले, बातम्या झाल्या. त्याआधी १५ जुलैला दालन उघडलं, तेव्हा मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस स्वतः हजर होते. एका मोटारीच्या दुकानाला एवढा सरकारी थाट क्वचितच लाभतो. तिथल्या ‘मॉडेल वाय’ची किंमत तेव्हा ५९ लाख ८९ हजार रुपयांपासून पुढे होती. बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकर-चिखलीच्या शेतकऱ्याने आपल्या मापाने हिशेब मांडला, तर २०२५-२६ च्या ५,३२८ रुपये हमीभावाने ही गाडी सुमारे ११२४ क्विंटल सोयाबीनला पडते. बाजार समितीत प्रत्यक्ष मिळणाऱ्या भावाने किती क्विंटल लागतील, हे त्याला विचारायच्या भानगडीत न पडलेलंच बरं.

या गाडीसोबत नेहमीची किल्ली येत नाही. मालकाचा मोबाइल हीच किल्ली, आणि अडीअडचणीला एटीएम कार्डाच्या आकाराची दोन कार्डं. मोबाइल खिशात ठेवून जवळ गेलं की कुलूप उघडतं, दूर गेलं की लागतं. हे कौतुक आता साठ लाखांच्या गाडीपुरतं उरलेलं नाही. खिशातून किल्ली न काढता उघडणाऱ्या आणि बटण दाबून सुरू होणाऱ्या गाड्या दहा लाखांच्या आत मिळतात. चाकणला बनणाऱ्या महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या विजेवरच्या गाड्यांच्या दाराच्या मुठी दाराच्या पत्र्यातच दडून बसतात. बजाजच्या विजेवरच्या चेतकच्या वरच्या श्रेणीला खिशात ठेवायची किल्ली मिळते, आणि ओलाच्या एस१ प्रो स्कूटरला तर किल्ली घालायची जागाच नाही. शिवाय राज्याच्या २०२५ च्या धोरणाने विजेवरच्या मोटारींना समृद्धी महामार्गावर टोलमाफी दिली. सिंदखेडराजा आणि मेहकरवरून जाणाऱ्या रस्त्यावर अशा गाड्या दिवसेंदिवस वाढणार, हे उघड आहे. एमएच-२८ची पाटी लागलेल्या गाडीचा मालक आज ना उद्या या बिनकिल्लीच्या कारभारात शिरणारच. तेव्हा हा कारभार चालतो कसा, हे आधी समजून घेतलेलं चांगलं.

मुठीला हात लागला की गाडी एक क्षीण लहर सोडते. साधारण १२५ किलोहर्ट्झची ही लहर मुद्दामच एक-दोन मीटरच्या पलीकडे जाऊ नये अशी राखलेली असते. त्या टप्प्यात किल्ली असली, तर तिच्यातली चिप जागी होते आणि दुसऱ्या, जास्त कंपनसंख्येच्या लहरीवरून उत्तर पाठवते. अनेक गाड्यांत ती ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास असते. नुसतं ‘मी आले’ म्हणून भागत नाही. गाडी दरवेळी एक नवा आकडा फेकते. तिच्यात आणि किल्लीत आधीच एक गुप्त आकडा साठवलेला असतो. त्या दोहोंवर ठरलेली गणिती प्रक्रिया करून किल्लीने उत्तर द्यायचं. सिंदखेडराजाला लखुजी जाधवांच्या वाड्याच्या दरवाजावर पहारेकऱ्याने रात्रीगणिक परवलीचा शब्द बदलावा, तसलाच हा प्रकार. फक्त इथे तो दर हाकेला बदलतो. कालचं उत्तर कुणी चोरून ऐकलं, तरी आज ते कामाचं नाही.

हे सगळं पाहून जुनी पत्र्याची किल्लीच बरी होती, असं म्हणणारेही पुष्कळ. त्यांनी अमेरिकेतली एक हकीकत ऐकावी. ह्युंदाई आणि किया यांनी तिथे २०११ ते २०२२ या काळात विकलेल्या अनेक गाड्या साध्या किल्लीच्या होत्या, आणि पैसे वाचवण्यासाठी त्यांत इमोबिलायझर, म्हणजे ओळखीच्या किल्लीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारा भाग, बसवलेला नव्हता. स्टिअरिंगखालचं प्लॅस्टिक उचकटून आणि यूएसबी केबलचं टोक घालून शाळकरी पोरं त्या गाड्या पळवू लागली. पोरांनी व्हिडिओ काढून एकमेकांना शिकवलं आणि चोऱ्यांची लाट आली. म्हणजे किल्ली लोखंडाची होती म्हणून गाडी सुरक्षित राहिली नाही. खरा प्रश्न प्रत्येक रचना कशाच्या भरवशावर उभी आहे, हा आहे.

बिनकिल्लीची रचना एका गृहीतकावर उभी आहे. किल्लीचं उत्तर आलं, त्याअर्थी किल्ली जवळ आहे. झुरिचच्या तंत्रविद्यापीठातल्या फ्रान्सियाँ, डानेव्ह आणि चापकुन या तीन संशोधकांनी २०११ मध्ये याच गृहीतकाला हात घातला. आठ कंपन्यांच्या दहा गाड्या त्यांनी तपासल्या. दहाही उघडल्या, दहाही सुरू झाल्या.

पद्धत इतकी सरळ, की सांगायलाही संकोच वाटावा. दोन माणसं लागतात. एक जण गाडीजवळ उभा राहतो आणि तिची क्षीण लहर पकडून साथीदाराकडे पाठवतो. साथीदार घराच्या दाराशी असतो. त्याच्या पिशवीतलं यंत्र तीच लहर मोठी करून घरात सोडतं. दारामागच्या खुंटीला टांगलेली किल्ली ती ऐकते, गाडी शेजारीच उभी आहे असं समजते आणि इमानेइतबारे उत्तर देते. ते उत्तर गाडीपर्यंत पोहोचतं. गुप्त आकडा कुणी फोडला नाही, गणित कुणी सोडवलं नाही. दोन खऱ्या भिडूंचा खरा संवाद लांबच्या अंतरावरून घडवून आणला, एवढंच. काच फुटत नाही, भोंगा वाजत नाही. जिल्ह्यातल्या बहुतेक घरांत गाडी अंगणात किंवा फाटकाबाहेर गल्लीत असते आणि किल्ली पुढच्याच खोलीत, दारापासून चार हातांवर. या युक्तीला याहून सोयीची मांडणी सापडणार नाही. किल्ली रात्री आतल्या खोलीत, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवली तर लहर अडते. उपाय फुकटचा आहे, पण तो झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यानेच करावा आणि किल्ली डब्यात घालून गाडी उघडते का, हे एकदा स्वतः पाहावं.

मागे उरतो विम्याचा घोळ. चोरीच्या दाव्यात आपल्याकडच्या विमा कंपन्या गाडीच्या दोन्ही मूळ किल्ल्या मागतात. एक कमी पडली की निष्काळजीपणाचा संशय येतो. बिनकिल्लीच्या चोरीत दोन्ही किल्ल्या मालकाच्या घरात सुखरूप असतात, गाडी तेवढी गेलेली असते, आणि रस्त्यावर काचेचा चुराही नसतो. ठाण्यातल्या हवालदाराला हे पटवून देणं हे एक कामच. किल्लीच मोबाइलमध्ये असेल तर कंपनीकडे काय जमा करायचं, हाही प्रश्न आहेच.

टेस्लाची कथा याहून रंजक आहे, कारण तिथे गणितच कच्चं निघालं. बेल्जियममधल्या लुवेन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये मॉडेल एसची किल्ली तपासली. एका पुरवठादाराने बनवलेल्या त्या किल्लीतला गुप्त आकडा फक्त ४० बिटांचा होता. म्हणजे शक्यता साधारण १.१ लाख कोटी. माणसाला हा आकडा डोंगराएवढा वाटतो, संगणकाला तो पोरखेळ आहे. संशोधकांनी सगळ्या उत्तरांचा तक्ता आधीच करून ठेवला आणि सुमारे ६०० डॉलरच्या साहित्यानिशी किल्लीची नक्कल काही सेकंदांत करून दाखवली. लाख डॉलरच्या आसपासच्या गाडीचं हे कुलूप. टेस्लाने त्यांना १० हजार डॉलरचं बक्षीस दिलं, नवी किल्ली आणली, आणि चाकामागे बसल्यावर पडद्यावर पिन टाकायची सोय केली. २०१९ मध्ये त्याच चमूने नवी किल्लीही फोडली. तिच्यातला ८० बिटांचा आकडा प्रत्यक्षात ४०-४० बिटांच्या दोन तुकड्यांत सुटत होता. मेहनत दुप्पट, एवढाच फरक. २०२० मध्ये त्यांनी मॉडेल एक्सची पाळी आणली. या वेळी साहित्य ३०० डॉलरच्या घरातलं होतं. २०२२ मध्ये ब्रिटनच्या एनसीसी ग्रुपने दाखवलं, की मॉडेल ३ आणि वायची मोबाइल-किल्लीही तशीच लांबून फसवता येते.

पहिल्या तिन्ही वेळी कंपनीने दुरुस्ती केली, काही वेळा तर रात्रीत गाडीच्या सॉफ्टवेअरमध्येच. हे श्रेय द्यायला हवं. बाकीच्या बऱ्याच कंपन्यांना ते जमत नाही. आणखी एक गोष्ट टीकाकारांच्या पंचाईतीची आहे. अमेरिकेतल्या विमा क्षेत्राच्या आकडेवारीत टेस्लाच्या गाड्या सर्वांत कमी चोरीला जाणाऱ्यांत मोडतात. चार्जिंगसाठी त्या घरात किंवा घराजवळ उभ्या असतात, शिवाय चोरल्या तरी क्षणोक्षणी ठावठिकाणा कळवत राहतात. म्हणून ‘बिनकिल्लीची गाडी म्हणजे गेलीच’ हा गावगप्पांतला निष्कर्षही तितकाच उथळ आहे.

लांबून फसवण्यावर खरा तोडगा आहे तो वेळ मोजण्याचा. प्रकाश आणि रेडिओलहर एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, सुमारे ३० सेंटिमीटर जातात. अल्ट्रा-वाइडबँड नावाच्या तंत्रात गाडी हाक मारते आणि उत्तर यायला किती नॅनोसेकंद लागले ते मोजते. चोर लहर मोठी करू शकतो. पण तिला प्रकाशाहून वेगाने धाडणं त्याच्या बापजन्मी शक्य नाही. उत्तर उशिरा आलं, म्हणजे किल्ली लांब आहे. युक्ती देखणी आहे. मात्र या तंत्राची चिप गाडीत असणं आणि ती या कामी लावलेली असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०२४ मध्ये चिनी संशोधकांना आढळलं, की नव्या मॉडेल ३ मध्ये अशी चिप असूनही दार उघडताना अंतराची ती खातरजमा होत नव्हती. दालनात मिळणाऱ्या चकचकीत पत्रकावर चिपचं नाव असतं, हा तपशील नसतो.

दुसरी अडचण चोराची नाही, खुद्द मालकाची आहे. १९ नोव्हेंबर २०२१ रोजी टेस्लाचा सर्व्हर बसला आणि जगभरातले कितीतरी मालक आपापल्या गाडीबाहेर फोन चाचपत उभे राहिले. सोलमधल्या एका मालकाने तक्रार केली, तेव्हा एलॉन मस्क यांनी स्वतः उत्तर दिलं, की तपासतो. काही तासांत यंत्रणा सुरू झाली. ज्यांच्या खिशात कार्ड होतं त्यांचं काही अडलं नव्हतं; ज्यांनी फोनवरच भिस्त ठेवली ते अडकले. २०१७ मध्ये नेवाडाच्या वाळवंटी दरीत एक जोडपं असंच अडकलं होतं. किल्ली घरी, फोनला रेंज नाही, गाडी सुरू होईना. रेंज मिळेपर्यंत बायकोला दोनेक मैल पळावं लागलं. ज्ञानगंगा अभयारण्यातून बोथ्याच्या घाटाने खामगावकडे जाणाऱ्याला किंवा सातपुड्याच्या पायथ्याशी अंबाबारव्याच्या बाजूला गेलेल्याला रेंज जाणं म्हणजे काय, हे नेवाडावाल्यांकडून शिकायची गरज नाही.

रेंज गेली तर गाडी उघडेल का, असे साधे प्रश्न गाडी विकत घेताना कुणी विचारत कसं नाही? विजेचा पंप घेताना वऱ्हाडातला शेतकरी विक्रेत्याला घाम फोडतो. वायंडिंग तांब्याचं आहे की नाही, जळाला तर कोण भरून देणार, सुटे भाग खामगावात मिळतात की अकोल्याला जावं लागतं, हे सगळं विचारून झाल्यावरच पैसे सुटतात. तोच माणूस, किंवा त्याचा पुण्यात नोकरीला असलेला पोरगा, मस्क यांच्या गाडीबद्दल बोलायला लागला की पंप बाजूला राहतो आणि मंगळ सुरू होतो.

मस्क यांचं कर्तृत्व खोटं नाही. परत येऊन उभं राहणारं रॉकेट त्यांच्या कंपनीने करून दाखवलं, आणि विजेवरची गाडी ही हौसेची चीज असू शकते हे जगाला पटवलं. पण लोककथेत टेस्ला ही त्यांची निर्मिती आहे, आणि नोंदी वेगळं सांगतात. कंपनी २००३ मध्ये मार्टिन एबरहार्ड आणि मार्क टार्पेनिंग यांनी काढली. मस्क पैसे घेऊन आले ते २००४ मध्ये. संस्थापक कोण, यावर २००९ मध्ये कज्जा झाला आणि तडजोडीत पाच जणांना संस्थापक म्हणवून घ्यायची मुभा मिळाली. २०१० मध्ये अमेरिकी सरकारच्या ऊर्जा खात्याने कंपनीला ४६.५ कोटी डॉलरचं कर्ज दिलं आणि ते तिने २०१३ मध्ये मुदतीच्या कितीतरी आधी फेडलं. ज्या लिथियम-आयन बॅटरीवर हा सगळा डोलारा उभा आहे, तिच्याबद्दल २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना मिळालं. या तिघांचे फोटो कुठल्याही अभ्यासिकेच्या भिंतीवर दिसत नाहीत. वर्ष संपायच्या आत अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्यावर गाडी आपली आपण जाईल, असं मस्क २०१७ बद्दल बोलले होते. २०२० मध्ये दहा लाख टेस्ला आपोआप टॅक्सीचा धंदा करतील, असं २०१९ मध्ये म्हणाले. दोन्ही वर्षं येऊन गेली.

महाराष्ट्रातही या भक्तीचे मासले आहेत. पुण्यातल्या एका संगणक अभियंत्याने २०१८ मध्ये टेस्लाच्या आपोआप चालणाऱ्या वायपरबद्दल मस्क यांना ट्विटरवर एक प्रश्न टाकला. उत्तर आलं, गप्पा वाढल्या, आणि चार वर्षांनी तो टेक्सासच्या कारखान्यात जाऊन त्यांना भेटलाही. वर्तमानपत्रांना यात दोस्तीची गोड बातमी दिसली. गंमत अशी, की सुरुवात वायपर नीट चालत नाहीत या शंकेपासून झाली होती; बातमीत शंका मागे पडली, दोस्ती उरली. राज्यकर्तेही वेगळे नाहीत. २०२२ च्या जानेवारीत जयंत पाटील यांनी ट्विट करूनच मस्क यांना महाराष्ट्रात कारखाना काढायचं आवतण दिलं. तेव्हा तेलंगण, पंजाब, बंगाल अशी नेत्यांची रांगच लागली होती. सरकारं बदलली, आवतण कायम राहिलं. कारखान्याऐवजी आलं ते दालन. बंगळूरला २०२३ मध्ये पुरुषांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एका संघटनेने मस्क यांच्या फोटोला उदबत्त्या ओवाळल्या, तेव्हा निदान प्रामाणिकपणा तरी होता.

देशी अवतारही झाले. ओला इलेक्ट्रिकचे भाविश अग्रवाल यांना काही काळ माध्यमांनी भारताचा मस्क ठरवलं होतं. मार्च २०२२ मध्ये पुण्याच्या लोहगाव भागात ओलाची उभी स्कूटर पेटली, त्याचा व्हिडिओ देशभर फिरला आणि पुढच्या महिन्यात कंपनीने १,४४१ स्कूटर तपासणीसाठी परत बोलावल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईचा विनोदवीर कुणाल कामरा याने दुरुस्तीसाठी खच पडलेल्या ओला स्कूटरींचा फोटो टाकला. अग्रवाल यांनी उत्तर दिलं ते दुरुस्तीबद्दल कमी आणि कामराच्या फसलेल्या कारकिर्दीबद्दल जास्त. त्याच सुमाराला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची नोटीस आली. वर्षभरात राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर १०,६४४ तक्रारी जमा झाल्या होत्या. त्यांतल्या ९९ टक्क्यांहून अधिक आपण सोडवल्या, असं कंपनीचं म्हणणं. २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने व्यापार प्रमाणपत्राशिवाय चालणाऱ्या ओलाच्या दालनांवर कारवाई केली. तालुक्याच्या गावी राहणाऱ्या स्कूटरमालकाला या साऱ्या नाट्याशी देणंघेणं नसतं. त्याचा पडदा गोठलेला असतो, डिकी पडद्यावरूनच उघडते आणि डिकीत पोराचं दप्तर असतं.

मराठी माणसाने या भक्तीची किंमत रोखीनेही मोजली आहे. पुण्याचे बांधकाम व्यावसायिक डी. एस. कुलकर्णी यांची शून्यातून वर आल्याची कहाणी एका पिढीने सभागृहांत टाळ्या वाजवत ऐकली. ठेवी ठेवणाऱ्या हजारो निवृत्तांनी ताळेबंद वाचला नव्हता, माणूस पाहिला होता. फेब्रुवारी २०१८ मध्ये त्यांना ठेवीदारांच्या फसवणुकीच्या आरोपाखाली अटक झाली.

खरं तर या प्रांताला आणि या भाषेला भक्तीची चिकित्सा नवी नाही. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा कीर्तनात गोष्टी कमी सांगत आणि प्रश्न जास्त विचारत. समोरच्या गर्दीलाच त्या प्रश्नांची उत्तरं द्यावी लागत. १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्याच्या गोखले स्मारक सभागृहात डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यायमूर्ती रानड्यांवर बोलले, तेव्हा थोरांचा आदर करणं आणि त्यांच्यापुढे बुद्धी गहाण टाकणं यांतला फरक त्यांनी स्पष्ट केला. आपल्या नायकांसाठी ढोल बडवणाऱ्या वृत्तपत्रांवरही त्यांनी कोरडे ओढले. तेव्हा नायक राजकारणातले होते. आज ते शेअर बाजारातले आहेत, आणि ढोल त्यांच्या स्वतःच्या मालकीचा आहे. मस्क यांनी २०२२ मध्ये ट्विटरच विकत घेतलं.

आणि हा गुंता मोटारीपाशी थांबत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राने मस्क यांच्या स्टारलिंकशी इरादापत्र केलं. उपग्रहावरून इंटरनेट पुरवायचं, आणि त्यासाठी गडचिरोली, नंदुरबार, धाराशिवबरोबर बुलढाण्याच्या सीमेलगतचा वाशीम जिल्हाही निवडला. रेंज नसलेल्या गावाला याचा उपयोग होऊ शकतो. शाळेचं, दवाखान्याचं आणि गाडीचं दार उघडण्याचं काम एकाच माणसाच्या यंत्रणेवर सोपवायचं का, हे मात्र विचारलं पाहिजे. त्यात त्याचा अपमान नाही.

दाराचा विषय इथे गंभीर होतो. कडेला बेमालूम बसलेली, मालक जवळ येताच बाहेर येणारी मूठ टेस्लाने मॉडेल एसपासून आणली, आणि तिच्यामागे मस्क यांचा वैयक्तिक आग्रह होता. दिसायला ती सुरेख. पण विजेवर चालणाऱ्या अशा दारात मुठीला हात लावला की कडी हलत नाही. एक संदेश जातो आणि मोटर कुलूप सोडवते. त्या मोटरला वीज देते ती गाडी चालवणारी मोठी बॅटरी नव्हे, तर वेगळी, लहान, कमी दाबाची बॅटरी. ती उतरली किंवा अपघातात तिची तार तुटली, की बाहेरची मूठ निव्वळ शोभेची उरते. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा यंत्रणेने २०२१ च्या सुमारे १ लाख ७४ हजार मॉडेल वाय गाड्यांबाबत चौकशी सुरू केली. लेकरं आत आणि आईबाप बाहेर राहिल्याच्या, काच फोडून त्यांना काढावं लागल्याच्या तक्रारी आल्या होत्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पीडमाँटला सायबरट्रक झाडावर आदळून पेटला आणि तीन कॉलेजवयीन मुलं गेली. दारं उघडता न आल्यामुळे ती अडकली, असा कुटुंबांचा कोर्टात दावा आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये चीनच्या चेंगडूत शाओमीची गाडी पेटली, तेव्हा धावून आलेले लोक मुठी ओढत, काचांवर लाथा मारत राहिले.

बुलढाणा जिल्ह्याला आग आणि बंद दार म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर समृद्धीवर सिंदखेडराजाजवळ पिंपळखुटा इथे नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटली. ३३ जण आत होते. बस पडली ती डाव्या अंगावर, म्हणजे दाराच्या बाजूवर, आणि डिझेलने पेट घेतला. काच फोडून आठ जण बाहेर आले; २५ जण आले नाहीत. ती बस विजेवरची नव्हती, तिचं दार कुणा अब्जाधीशाने रेखाटलं नव्हतं. पण बाहेर पडायचा दुसरा रस्ता कुठे आहे आणि अंधारात, धुरात तो हाताला लागतो का, हा तिथला प्रश्न साठ लाखांच्या गाडीलाही तसाच लागू आहे.

चीनने यावर नियम केला. १ जानेवारी २०२७ पासून तिथे मोटारींच्या नव्या मॉडेलांच्या दारांना वीज नसतानाही उघडेल अशी यांत्रिक कडी आतून आणि बाहेरून असावी लागेल. टेस्लाचे मुख्य रचनाकार फ्रान्झ फॉन होल्झहाउझेन यांनीही सप्टेंबर २०२५ मध्ये सांगितलं, की विजेची आणि हाताची कडी एकाच जागी आणण्याचं काम सुरू आहे. एरवी टेस्लाच्या पुढच्या दारांना काचेच्या बटणांपाशी हाताने ओढायची कडी असते. ती सहज सापडते. मागच्या दारांचं तसं नाही. मॉडेल वायच्या अनेक वर्षांच्या गाड्यांत मागच्या दाराच्या खालच्या कप्प्यातली चटई काढायची, तिच्याखालचं झाकण उघडायचं आणि आतली तार ओढायची, असा क्रम आहे. आणि सगळ्याच मॉडेल वायना ही सोय असेल असं नाही, हेही कंपनीच्याच पुस्तिकेत छापलेलं आहे. जुन्या मॉडेल ३ च्या मागच्या दारांना तर ती तारही नव्हती. पुस्तिका कंपनीच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येते. गाडी कुठल्याही कंपनीची असो, पैसे भरण्याआधी मागच्या सीटवर बसून, दिवे बंद करून, घरातल्या सर्वांत लहान आणि सर्वांत म्हाताऱ्या माणसाला ती कडी शोधायला लावता येते. दालनातल्या पोराची त्याला हरकत असायचं कारण नाही.